मालखान्यातला वरवंटा

गुरुवार, १८ नोव्हेंबर १९९३. संध्याकाळी ६
आज भरदुपारी घरात चोर शिरला आणि आम्ही त्याचा पाय मोडला. दूधविनायकाच्या गल्लीत असं काही गेल्या पन्नास वर्षांत घडलेलं नाही, म्हणून नीट नोंद करून ठेवतो.

वेळ अडीच. बाळंतपणाला आलेली आमची मैत्रेयी बाळाला घेऊन मधल्या खोलीत. (बाळ आज चार दिवसांचं.) आनंदी त्या खोलीच्या दाराशी पाट्यावर बाळंतिणीसाठी खोबरं वाटत होती. मी पेपर वाचत होतो. गच्चीच्या जिन्यातून एक माणूस उतरला, हातात लोखंडी सळई. मी क्षणाचाही विलंब न लावता न्हाणीघरात गेलो. मागची बाजू कोणीतरी सांभाळायला हवीच. आतून कडी लागली. जुनी कडी आहे, कधीकधी आपोआप लागते. त्याने आनंदीच्या मंगळसूत्राला हात घातला आणि त्याच क्षणी आम्ही वरवंटा त्याच्या पायावर हाणला. मी बाहेर आलो तेव्हा तो लंगडत वर पळत होता. मी मागून जोरात ओरडलो. तो शेजाऱ्यांच्या गच्चीवरून पलीकडच्या गल्लीत कोसळला आणि लोकांनी धरला.

चौकीवरून मुंशी विश्वेश्वर तिवारी आणि एक शिपाई आले. लोढ़ा किसने मारा, असं विचारलं. आनंदी काही बोलणार तेवढ्यात मी म्हटलं, हमने. घरच्या बाईचं नाव पोलिसांच्या कागदावर कशाला? शिपाई वरवंटा घेऊन गेला. पावतीवर लिहिलं आहे: लोढ़ा पत्थर का, एक अदद.

संकल्प: हे प्रकरण उद्या दुपारपर्यंत मिटवणे. युनिव्हर्सिटीच्या रेकॉर्ड सेक्शनमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. कागद कसा हलवायचा हे मला कोणी शिकवू नये.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर
सकाळी तहरीर, म्हणजे लेखी फिर्याद, लिहून नेली. फुलस्केपची पाच पानं, शुद्ध हिंदी, समास सोडलेला, शेवटी प्रतिलिपी कोणाकोणाला ते. मुंशीजींनी पानं उलटली आणि विचारलं की चोर कुठे आहे. चोर तिसऱ्या पानावर होता. त्याआधी घराचा इतिहास आणि माझा सेवाकाल. म्हणाले, बाबूजी, आधा पन्ना काफी है. अर्ध्या पानात लिहून दिलं. मन मारून दिलं.

मग वरवंटा मागितला. म्हणाले, तो मालखान्यात, म्हणजे जप्त मालाच्या कोठडीत गेला, किल्ली दरोग़ाजींकडे, दरोग़ाजी इलेक्शन ड्यूटीवर. कल आइए. मीही ऑफिसात लोकांना उद्या या म्हणतो, पण माझ्या म्हणण्यात आपुलकी असते.

संध्याकाळी रामघाटावरून इंदूआत्या आली. वय अठ्ठ्याहत्तर, जिने चढून धापा टाकत. चोराचं काही विचारलंच नाही. वरवंटा कुठाय, हे पहिलं वाक्य. पुढच्या शुक्रवारी बारसं. आमच्या घराण्यात पाळण्यात आधी वरवंटा जातो, कुंची घालून, आणि मग बाळ. पाळण्याखालून बायका तो एकमेकींच्या हातात देतात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत. सगळीकडेच देतात, पण आमचा वरवंटा पणजोबांनी वाईहून काशीला आणलेला. आत्या त्याच्याआधी पाळण्यात गेली नव्हती, मी नाही, मैत्रेयी नाही. आत्या म्हणाली, नरहर, या घरातलं एकही मूल त्याच्याशिवाय पाळण्यात गेलेलं नाही, आणि हेही जाणार नाही.

मी म्हटलं, रविवारी वरवंटा घरी असेल. अगदी शांतपणे म्हटलं. मैत्रेयीने आईकडे बघितलं.

शनिवार, २० नोव्हेंबर
संताप. आमचं घर या चौकीत, पण चोर ज्या गल्लीत पडला ती पलीकडच्या चौकीत. मुंशीजींचं म्हणणं, गुन्हा इथे झाला पण माणूस तिथे सापडला, तेव्हा कागद तिथून यायला हवा. पलीकडच्या चौकीत गेलो. ते म्हणाले, पाय तुमच्या घरात मोडला, आमच्याकडे तर मोडका आला. चार फेऱ्या मारल्या. शेवटी दोन गच्च्या, जिना आणि गल्ली यांचा नकाशा काढून दिला, स्केलसकट. मुंशीजींनी त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

पोलिसांत शिस्त राहिलेली नाही.

रविवार, २१ नोव्हेंबर
दरोग़ाजी आले नाहीत. किल्ली आली नाही. आत्याला निरोप पाठवला की काम अंतिम टप्प्यात आहे.

समोरच्या वकिलांकडून पीनल कोडचं पुस्तक आणलं. कलम सत्त्याण्णव: स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या शरीराचं संरक्षण करण्याचा हक्क. पाठ केलं. माझ्यासाठीच लिहिल्यासारखं आहे.

गल्लीतले बिंदुमाधवराव आणि आणखी दोघे हकिकत ऐकायला आले. सांगितली. ऐकणाऱ्याला चित्र दिसायला हवं, म्हणून वरवंटा मी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला असं सांगितलं. सांगताना खरंच आठवत गेलं. सळई पहिल्यांदा माझ्यावर उगारली होती हेही आठवलं. आनंदी मटार सोलत बसली होती. नंतर फक्त न्हाणीघराच्या कडीला तेल घालून आली.

सोमवार, २२ नोव्हेंबर
कमाल झाली. चोराच्या भावाने माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे. त्यांचं म्हणणं: वानराने याची चप्पल पळवली, ती आणायला बिचारा गच्च्यागच्च्यांवरून आमच्याकडे आला आणि बाबूजींनी विनाकारण दगड घातला. सळई वानराला भिववायला. दुःखाची गोष्ट अशी की आमच्या गच्चीवर एक चप्पल खरंच सापडली आहे. काशीतल्या कुठल्याही गच्चीवर एक चप्पल सापडेल, पण हे दरोग़ाजींना कोण सांगणार.

कलम तीनशे चोवीस, धोकादायक वस्तूने दुखापत. पुस्तकात पाहिलं. तीन वर्षांपर्यंत. माझ्या रिटायरमेंटला दोन उरली आहेत.

मी मुंशीजींना कलम सत्त्याण्णव तोंडपाठ म्हणून दाखवलं. ते म्हणाले, बहुत बढ़िया, कल आइए.

आनंदी म्हणाली, खरं काय ते सांगून टाका ना. मी म्हटलं, खरं तेच सांगतोय. ती दिवा लावायला निघून गेली.

मंगळवार, २३ नोव्हेंबर
बुद्धी वापरायची वेळ आली होती. रामनगरला जाऊन नवा लोढ़ा घेतला. आपल्या वरवंट्याची हुबेहूब जोडी. रंग तोच, लांबी तीच. हातात घेऊन पाहिला, वजनही तंतोतंत तेवढंच. परतताना नावेत मांडीवर घेऊन बसलो होतो. नावाड्याने विचारलं, बाबूजी, नदीत सोडायचा आहे का.

आत्याला दाखवला आणि म्हटलं, घे, सोडवून आणला. तिने चष्मा न लावता नुसता हात फिरवला. म्हणाली, हा कालचा दगड आहे, याच्यावर तर अजून मीठसुद्धा वाटलेलं नाही. वर विचारलं, तू आपला वरवंटा कधी पाहिला आहेस का रे?

असले प्रश्न मी मनावर घेत नाही.

बुधवार, २४ नोव्हेंबर
योजना: मालखान्यात वरवंटा बघायला म्हणून जायचं. पिशवीत नवा. नजर चुकवून नवा ठेवायचा, जुना उचलायचा. पोलिसांना काय, त्यांच्या कागदावर एक अदद हवा, एक अदद राहील. कोणाचंही नुकसान नाही.

संध्याकाळी ५. योजना नव्वद टक्के यशस्वी. किल्ली एकदाची चौकीत आली होती, मालखान्यात शिरलो. मुंशीजी दाराशी तंबाखू मळत होते. नवा खाली ठेवला. जुना उचलण्याआधी तो कुठला हे बघायला एक क्षण लागला, कारण तिथे जप्त केलेल्या पाट्या-वरवंट्यांचे आणखी दगड पडले होते. तेवढ्यात मुंशीजी वळले.

आता त्यांच्या रजिस्टरात लिहिलं आहे: लोढ़ा पत्थर का, दो अदद. दुसरा मी स्वतः जमा केला असं माझ्या सहीनिशी.

परवा बारसं. आज आत्याकडून निरोप नाही. हे जास्त वाईट.

गुरुवार, २५ नोव्हेंबर
जावई ऋतुराज आणि विहीणबाई सकाळच्या गाडीने नागपूरहून आले. विहीणबाईंनी वरवंट्याबद्दल विचारलं. सांगितलं, पोलिसांनी तो प्रदर्शनीय वस्तू म्हणून मागून घेतला आहे.

मग चौकीत. दरोग़ाजी एकदाचे भेटले. माणूस बरा वाटला. म्हणाले, घरची पूजेची वस्तू आहे तर सुपुर्दगीत देतो, कोर्टाने मागितली की हजर करायची, एवढं लिहून द्या. फक्त शिनाख्त करा. टेबलावर दोन्ही लोढ़े ठेवले. हाणला तो कुठला?

मी एकावर बोट ठेवलं. ठामपणे ठेवलं. ऑफिसात मी असाच निर्णय घेतो.

मुंशीजी हळूच म्हणाले, बाबूजी, ये तो आप ही कल झोले में लाए थे.

दरोग़ाजींनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, ज्याने हाणला त्यालाच ओळखू येत नाही, तर तुमची हकिकतच खोटी दिसते. मग चप्पलवाल्याची खरी धरावी लागेल. उद्या सकाळी नऊला या, जबाब पुन्हा होईल.

उद्या बारसं आहे म्हटलं. ते म्हणाले, नऊला.

घरी सांगितलं की उद्या पोलीस माझा जबाब विशेष वेळ काढून घेणार आहेत. रात्री जेवण गेलं नाही. थंडीचं असेल.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर. सकाळी ८
आज जबाब कसा द्यायचा त्याचे सात मुद्दे काढले आहेत. एकही कच्चा नाही.

आनंदी बाळाच्या कुंचीला लेस लावून उठली, नेसण बदललं, चपला घातल्या. म्हणाली, चला. बाजारात काही राहिलं असेल तिचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
लिहायचं नव्हतं. पण वही उघडली आहे.

मुद्दे मांडायची वेळच आली नाही. टेबलावर दोन्ही लोढ़े होते. दरोग़ाजी बोलायला लागण्याआधीच आनंदीने त्यातल्या एकावर हात ठेवला. म्हणाली, हा आमचा. उजवीकडून झिजलेला आहे, कारण सासूबाई उजव्या हातावर जोर द्यायच्या, मी पण देते. टोकाचा टवका मैत्रेयी दोन वर्षांची असताना उडाला. हे सगळं तिने हिंदीत सांगितलं, तिच्या त्या तुटक्या हिंदीत, ज्याला मी नेहमी हसतो. कोणी हसलं नाही.

मग म्हणाली, "फेंका हमने, भैया. पीछे बेटी थी, चार दिन का बच्चा था. हम और क्या करते."

दरोग़ाजींनी विचारलं, और बाबूजी कहाँ थे?

आनंदीने माझ्याकडे बघितलं. चांगलं दोन-तीन श्वासांइतकं बघितलं. मी मुद्द्यांचा कागद हातात धरून उभा होतो.

"यहीं थे," ती म्हणाली. "लोढ़ा इन्हीं ने पकड़ाया."

मुंशीजींनी मान वर न करता तसंच लिहून घेतलं. वाटत बसलेल्या बाईच्या हातात वरवंटा आधीपासूनच असतो हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. पण लिहून झाल्यावर त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. आठ दिवसांत पहिल्यांदा.

मानेवर मंगळसूत्राचा ओरखडा होता, तो तिने दरोग़ाजींना दाखवला. मी आजच पाहिला. चप्पलवाल्याच्या भावाला बोलावून दरोग़ाजी काय बोलले ते मला कळलं नाही, पण तो तक्रारीचा कागद मागे घेऊन गेला. सुपुर्दगीवर आनंदीने सही केली. खाली साक्षीदार म्हणून माझी.

नवा लोढ़ा मात्र परत मिळाला नाही. तो कोणाचा हे सिद्ध व्हायचं आहे.

बारसं वेळेवर झालं. वरवंट्याला कुंची घातली, आत्याने त्याला काजळाची तीट लावली, बायकांनी पाळण्याखालून दिला-घेतला. मग बाळ. नाव केयूर. आत्या रडली. मलाही भरून आलं होतं, मी धुराचं निमित्त केलं, धूर नव्हता.

जेवणं झाल्यावर विहीणबाई म्हणाल्या, आता सांगा बरं तुम्ही चोराला कसं लोळवलंत ते. सगळे वळून बसले. आनंदी वाढत होती, तिने वर पाहिलं नाही. मी म्हटलं, पान लावून आणतो, आणि उठलो.

कडी आपोआप लागत नाही. मी लावली होती. ती तिघं बाहेर होती.

चौकीतून निघताना आनंदी वरवंटा उचलायला लागली, तेव्हा मी तो घेतला. निदान एवढं तरी. चौकापर्यंत एका हातात, मग दोन्ही हातांत, मग छातीशी. मधे दोनदा पायरीवर टेकलो. तीही थांबली. रामनगरच्या त्या लोढ्याच्या तिप्पट तरी असेल. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. वरवंटा इतका जड असतो हे मला आज कळलं.