गेम मास्टरांच्या रजेचा फॉर्म

२० मे, मंगळवार

डेपोत गेलो. चाळीस ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावल्या. घरी आलो, हिचा कॉम्प्युटर चालू केला. मेसेजचा आवाज झाला. घाबरलो नाही, दचकलो.

हिच्या ऑनलाइन खेळाची मंडळी होती. खेळ असा: गेम मास्टर गोष्ट रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन लिहितात. नऊ वर्षं ही दर शनिवारी दुपारी चार वाजता तो चालवायची. तिथली प्रमुख बाई स्वतःला 'घुबड' म्हणवते. विचारत होती, काका, कसे आहात? कळवलं, तुमच्या ताई रजेवर आहेत. ती बराच वेळ काहीतरी टाइप करत होती. शेवटी 'बरं' एवढंच आलं. मग म्हणाली, इथे गेम मास्टर सोडून चाललेत. फुकट किती दिवस राबणार?

म्हणालो, न्याय्य मोबदल्याचं मी बघतो. चोवीस वर्षं डेपोत हेच करतोय. ही परत येईपर्यंत सगळं सुतासारखं सरळ असेल.

२६ मे, सोमवार

योजना तयार. तासाला पाच गुण, खेळाडूमागे दोन. शंभर गुण झाले की गेम मास्टरच्या स्वतःच्या पात्राला एक घोडा. खेळ किमान एक तासाचा. साठ दिवस खेळ नाही, तर पद रद्द आणि गोष्ट जिथे लिहितात ती ऑनलाइन खोली कुलूपबंद. सूट फक्त रजेचा फॉर्म भरणाऱ्याला. कामचुकारांना चाप बसेल.

घुबड म्हणाली, काका, ते साठ दिवसांचं तेवढं काढून टाका ना. म्हणालो, नियमाला नातीगोती नसतात.

१ जून, रविवार

योजना लागू. प्रतिसाद जोरदार. एका गेम मास्टरने जहाज अकरा तास समुद्रात ठेवलं, किनारा दिसूच दिला नाही. नुसत्या तासांचे पंचावन्न गुण. दुसऱ्याने एकवीस जण एका होडीत कोंबले. 'सुतार' नावाचा एक जुना गेम मास्टर म्हणाला, काका, आधी गोष्ट सांगायचो, आता ट्रिपा मारतोय. कौतुक ऐकायची सवय नाही, त्यामुळे गुणांची बेरीज करायला घेतली.

२ जून, संध्याकाळी ६

हिच्या नावावर लाल मेसेज. शेवटचा खेळ १२ एप्रिल. ११ जूनला पद रद्द.

स्क्रीनवर टॉवेल टाकला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तिथे वारा चांगला येतो.

३ जून

हिच्यासाठी रजेचा फॉर्म भरायला घेतला. नाव भरलं. कारण: इतर. परतीची तारीख टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. ही तजवीज माझीच. ३१ डिसेंबर टाकली. नव्वद दिवसांच्या वर रजा मिळत नाही, असं आलं. तेही माझंच. ३० ऑगस्ट टाकायला गेलो तर तीनदा चुकीचा आकडा पडला, फॉर्म बंद केला. कीबोर्ड जुना आहे.

मुलीचा फोन आला. म्हणाली, बाबा, आईच्या त्या लोकांना मी... म्हणालो, दारात कुणीतरी आलंय, ठेवतो. कुणी नव्हतं.

५ जून

मार्ग सापडला. शनिवारी हिच्या नावाने मीच खेळ चालवणार. एक खेळ झाला की पुढचे साठ दिवस निश्चिंत. हिची गोष्ट वाचून काढली. सहा जण १२ एप्रिलपासून भुयारात एका दारापाशी उभे आहेत. दाराआड काय, ते हिने लिहिलेलं नाही. ड्रॉवर पाहिले, गादीखाली पाहिलं. जेवण गेलं नाही. उकाडा आहे.

७ जून, दुपारी ३.५०

खुर्ची तीनदा सरकवली. पंखा मोठा आहे म्हणून.

५.३०

सहाही जण वेळेवर आले, घुबड आणि सुतार त्यातलेच. लिहिलं, दार बंद आहे. एकाने ढकललं. लिहिलं, उघडत नाही. किल्ली शोधू लागले. लिहिलं, किल्ली नाही. पाऊण तास असंच. दार उघडलं तर आत काय ते सांगावं लागेल, म्हणून घट्ट धरून ठेवलं. शेवटी सुतार म्हणाला, काका, आत कुणीच नाही का? उठून पंखा बंद केला.

लिहिलं, नाही. ती १४ एप्रिलला गेली.

घुबड म्हणाली, माहीत आहे, काका. तुमच्या मुलीने त्याच आठवड्यात कळवलं होतं. तुम्ही रजा म्हणालात, आम्ही बरं म्हणालो.

मग योजना कशाला चालवलीत, विचारलं. सुतार म्हणाला, तुमचा जीव रमत होता. आम्ही सोडून चाललो होतो ते गुणांसाठी नाही. कुणाचाही खेळ संपला की ताई त्या गेम मास्टरला दोन ओळी लिहायच्या, काय आवडलं ते. तेवढं पुरायचं. घोडा घेऊन बांधू कुठे?

चार पंचावन्नला कॉम्प्युटर बंद केला.

११ जून, बुधवार

मतदान झालं. योजना रद्द. बाजूने एक मत, माझं. त्याआधी सकाळीच हिची खोली कुलूपबंद झाली होती. शनिवारचा खेळ एका तासापेक्षा पाच मिनिटांनी कमी भरला, मोजला गेला नाही. घुबडने विचारलं, उघडू का, काका? एका बटणाचं काम आहे. लिहिलं, राहू दे.

सुताराला त्याच्या खेळाबद्दल दोन ओळी लिहायला बसलो. एकच सुचली, तीही हजेरीच्या शेऱ्यासारखी झाली. पाठवली नाही.

उद्या पहिली पाळी. शर्टाचं बटण तुटलं होतं, ते लावून घेतलं.