दालन क्रमांक चारमधला मफलर

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आईच्या डोळ्यांत औषध वेळेवर पडतं ना? मी बरा आहे, म्हणजे रोज तळपायाची आग मस्तकात जाणारा माणूस जितका बरा असतो तितका.

आमच्या संग्रहालयात (जिथे अकरा वर्षं खुर्चीवर बसून मी लोकांना 'हात लावू नका' सांगतो) युद्धाच्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय. चित्रकार वारलाय, त्यामुळे त्याच्या मनातलं सगळ्यांनाच कळतं. तो म्हणे सैन्याबरोबर हिंडून चित्रं काढायचा. माझ्या दालनातल्या चित्रात खंदकाच्या कडेला एक पोरगा बुटाची नाडी बांधतोय, घोट्याभोवती दोनदा गुंडाळून. गळ्यात मफलर, अर्धा लाल, अर्धा पोपटी. खाली पाटी, 'अज्ञात सैनिक'. अज्ञात! ताई, आपला धाकटा! सव्वीस वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, तो माझ्या खुर्चीसमोर बसलाय.

आणि माहिती सांगणाऱ्या बाई रोज सहा वेळा घोळका आणून सांगतात, लाल म्हणजे सांडलेलं रक्त आणि पोपटी म्हणजे मानवजातीची आशा. लोक माना डोलावतात. (एकाने वहीत उतरवून घेतलं.) पाच दिवस मी दातओठ खात बसलो. सहाव्या दिवशी खुर्चीवर चढून ओरडलो, आशा कसली डोंबलाची, लाल लोकर संपली होती! माझ्या ताईने उरलेल्या पोपटीवर भागवलं! आणि खिशातलं पेन काढून पाटीवरचं 'अज्ञात' खोडलं. हात लावू नका म्हणणाऱ्यानेच हात लावला, म्हणून मोठ्या साहेबांचं पित्त खवळलं. पुरावा काय, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या आशेचा पुरावा दाखवा आधी. त्यावर हुकूम सुटला की लेखी माफी मागा, नाहीतर घरी बसा. पाटी नवी लागली, तीही 'अज्ञात'. माफी मागायची? मी? मेलो तरी मागणार नाही.

तुझा,
भाऊ

ता. क. माफी लिहून दिली. नोकरी गेली असती, तर त्याच्यासमोर दिवसभर कोण बसलं असतं?

ता. क. २. पुढच्या रविवारी चित्रं उतरणार. त्याआधी ये आणि ट्रंकेत तळाशी ठेवलेला पोपटी लोकरीचा गुंडा आण, साहेबांच्या टेबलावर ठेवू. पहिल्याच आठवड्यात मफलर हरवशील म्हणून तो निघताना तू त्याला रागावली होतीस. ताई, त्याने हरवला नव्हता.