फोटोपुरती मशीन

आई, तू गेल्यापासून घरात मराठीत बोलणारं कुणी राहिलं नाही. मुलांना कळतं सगळं, पण उत्तर हिंदीत येतं. म्हणून हे तुलाच सांगते.

तुझ्या ऑफिसात तू एकटीच बाई होतीस. भोपाळहून कुणी मोठा साहेब आला की टायपिंग थांबवून तुला दारात हार घेऊन उभं करायचे. त्यासाठी तू बडा फुहाऱ्याच्या बाजारातून घेतलेली जांभळी साडी नेसायचीस. एकदा संध्याकाळी तू पोळ्या लाटते आहेस, आणि मी त्या समारंभाचा फोटो हातात घेऊन म्हणते, "आई, तू किती छान दिसून राहिली!" तू मागे वळतही नाहीस. "हार घालाले मी. पण त्या साहेबाले माझं नाव कोणी सांगितलं काय?" मग चिडतेस माझ्यावरच. "काहून पाहून राहिली ते? ठेव तो फोटो अन् ताटं घे." माझी काय चूक झाली ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मी आता शहराबाहेरच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. आजकाल अशा ठिकाणी समावेशाची समिती असते. बाया, अपंग, मागे ठेवलेल्या जातींतली माणसं, सगळ्यांना बरोबरीची वागणूक मिळते की नाही, हे तिनं बघायचं. मीही त्या समितीत होते. यंदा आयटीआय झालेल्या तीन मुली मशीनवर घेतल्या. हेल्मेट घालून, मशीनवर हात ठेवून त्यांचा फोटो काढला आणि मोठा करून फाटकाशी लावला. थोड्याच दिवसांत तिघीही पॅकिंगला. त्यांतली एक कँटीनमध्ये मला म्हणाली, "दीदी, मशीन क्या सिर्फ फोटो के लिए थी?" मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "सेफ्टी का मामला है जी, आप टेंशन मत लीजिए." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच.

मग मुख्य ऑफिसातून एक बाई आणि एक साहेब समितीचं काम पाहायला आले. मॅनेजरनं पडद्यावर तोच फोटो दाखवला. आलेल्या बाईंनी मान डोलावली. मी म्हटलं, "फोटो काहून? मुलीच इथे आहेत, बोलवू या ना." मी मराठीत बोलून गेले हे मला त्या बाईंनी "जी?" म्हटल्यावर कळलं. पुन्हा हिंदीत म्हटलं. मॅनेजर हसत म्हणाला, "अरे मैडम, वो अभी पैकिंग में बिज़ी हैं." आलेल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "पैकिंग में?"

पुढच्या आठवड्यात दोघी मशीनवर परतल्या. तिसरी तोवर नोकरी सोडून सराफ्यात एका दुकानात लागली होती. फाटकावर अजून तिघीही आहेत. कँटीनमध्ये विचारणारी मुलगी मशीनवर आहे. परवा तिथून जाताना तिला हाक मारली तर तिनं मान वर केली नाही. कामात होती.

समितीत नवीन लोकांना संधी द्यायची आहे, असं सांगून मला वगळलं. माझ्या जागी मॅनेजरच्याच विभागातला एक जण आला. मी घरी म्हटलं, "चलो, बरं झालं, एक काम कमी." हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर तुला खरं सांगते. मला वाईट वाटलं. तिथे फारसं काही होत नव्हतं, तरी मला ती समिती आवडायची.