पिवळं जाकीट

प्रिय दादा,

तब्येत कशी आहे वगैरे विचारणार नाही. वहिनीने फोनवर सगळं सांगितलंय. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंना तू पुन्हा येऊ नका म्हणून सुनावलंस, वॉकर खाटेमागे ढकललास आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतोस. अर्धांगाचा झटका पायावर गेला होता ना, मग अकलेला काय झालं? वहिनी बिचारी तुझ्यासमोर हसते आणि स्वयंपाकघरात नळ सोडून रडते. मला तुझा इतका राग आलाय की आज दुकानात एका गिऱ्हाईकाच्या कोटाला उजवी बाही डावीकडे शिवून बसले.

आता काय राहिलंय, असं म्हणालास म्हणे. तू म्हणालास हे? दर वर्षी शहरातल्या मोठ्या शर्यतीत पिवळं जाकीट घालून सगळ्यांच्या मागून धावणारा तू! शेवटचा माणूस धावो, चालो की लंगडो, त्याला ओलांडायचं नाही, एवढंच तुझं काम. पदक नाही, फोटो नाही. आणि त्याचा केवढा तोरा होता तुला!

माझी पहिली शर्यत आठवते? अर्ध्यात पाय आखडले. मी फुटपाथवर बसकण मारली, बूट भिरकावला आणि भोकाड पसरलं. पाणीवाले टेबलं आवरत होते. वाटलं, सख्खा भाऊ मागून येतोय, पाठीवरून हात फिरवेल, गाडीत बसवेल. कसलं काय! तू बूट आणून पुढ्यात ठेवलास आणि निवांत उभं राहून माझीच बिस्किटं खाल्लीस. वर म्हणालास, सावकाश रड, रडूबाई, तू उठेपर्यंत मलाही इथून हलता येत नाही. अस्सा संताप आला! त्या संतापातच उठले आणि तुला शिव्या घालत धावले. पोचलो तेव्हा शर्यत संपते तिथली कमानसुद्धा उतरवली होती, पण पोचलो.

पुढे नवरा सोडून गेला, दुकानाचं शटर वर करायलाही हात उचलेना, तेव्हा मला पाठीमागे बिस्किटं चावल्याचा आवाज ऐकू यायचा. हसू नकोस. खरंच यायचा. त्या आवाजावर चिडून मी शटर उघडलंय, कितीतरी सकाळी.

चिडलास ना हे वाचून? चिड. त्यासाठीच लिहिलंय. तुझं पिवळं जाकीट वहिनीकडून मागवून घेतलं आणि माझ्या मापाचं करून घेतलं. रविवारी सकाळी ते घालून येतेय. खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत जायचं, वहिनी तिथे चहा घेऊन थांबेल. वॉकर घेऊन तू पुढे, मी मागे. पडायला लागलास तर धरीन, पण ऊठ म्हणणार नाही. शिव्या दे, रड, हवा तेवढा वेळ लाव. चहा निवला तर निवू दे. तुला ओलांडून मी पुढे जाणार नाही. आणि बिस्किटं तुझी असतील, खाणार मी.

तुझीच,
रडूबाई