एमरिसचा खांदा आणि परवडणारी काडतुसं

तीर्थरूप ॲम्ब्रोजदादा यांस,

लिटल हेनवुडहून क्लेमेंटचा, टोपी काढून आणि चिखलाचे बूट दाराबाहेर ठेवून, नमस्कार. हिल्डावहिनींचा संधिवात समुद्राच्या हवेनं काही हलला, की तिथेच ठाण मांडून आहे, ते जरूर कळव. (माझी ओलवेन म्हणते समुद्राची हवा संधिवाताला वाईटच. पण तिला मुळात समुद्रच आवडत नाही, तेव्हा तिचं मत धरू नकोस.) तुझ्या कुत्र्यानं नव्या पोस्टमनला एव्हाना आपलं म्हटलं असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सर्व ठीक. सफरचंदं यंदा बरी धरली आहेत, पाऊस जितका नको तितका आहे, आणि चर्चच्या घंटेचा दोर तुटल्यापासून रविवारी गावाला जाग उशिरा येते, त्याबद्दल पाद्रीबाबा सोडून कुणाचीच तक्रार नाही.

पत्राला विशेष कारण नाही. आपण सख्खे चुलतभाऊ, आणि नाताळच्या कार्डापलीकडे एकमेकांना अक्षर लिहीत नाही, हे मनाला लागलं म्हणून बसलो. काहीतरी मागायला लिहितोय असं मनात आणू नकोस. इकडची हकीकत तुला कळावी, एवढाच हेतू.

तुला एमरिस बफ्टन आठवत असेलच. तू इथे राहायला होतास तेव्हा रविवारी आपल्या नेमबाजी मंडळात यायचास, त्या वेळी तुझ्या शेजारी उभा राहून, 'साहेब, तबकडी आभाळात असते, चहाच्या खोपटात नसते,' असं शांतपणे सांगणारा तो उंच माणूस. (खोपटाच्या दाराला तू पाडलेली भोकं अजून आहेत. आम्ही त्यातून हवा येते म्हणून ठेवली आहेत.) जन्मभर लोकांच्या शेतांची कुंपणं विणली त्यानं. बायको, एनिड, गेल्यापासून तो आठवडाभर कुणाशी बोलत नाही. रविवारी सकाळी मात्र मिसेस पॉवेलच्या शेतातल्या उतारावर येतो, बंदूक खांद्याला लावतो, 'पुल!' म्हणून असा ओरडतो की खालच्या गल्लीतली कोंबडी दचकावीत, यंत्रातून मातीची तबकडी सुटते, हवेत तिचा भुगा होतो, आणि मग तासभर तो माणसांत असतो. चहा घेतो, बेकन घातलेला पाव खातो, माझ्या नेमाबद्दल चारचौघांत नको ते बोलतो, आणि घरी जातो. मला हा माणूस फार आवडतो, दादा. हे इथेच लिहून टाकतो, कारण त्याच्या तोंडावर म्हटलं तर तो नाताळपर्यंत मला टाळेल.

तर झालं असं की वसंतात काडतुसं महागली. कुणी शिशाचं कारण सांगतं, कुणी बंदुकीच्या दारूचं, कुणी कुठल्याशा लढाईचं. कारण काहीही असो, पेटी हातात घेतली की ती आधी खाली ठेवावीशी वाटते. एमरिसनं आधी पूर्ण फेरीऐवजी अर्धीच सुरू केली. मग नुसता चहाला येऊ लागला. आणि एका रविवारी कप धुता धुता म्हणाला, 'खांदा दुखतो हो माझा. बंदुकीचा धक्का सोसवत नाही आता. थांबतो मी.' त्याच आठवड्यात त्याच खांद्यावरून ओकचे ओंडके वाहताना अख्ख्या गावानं त्याला पाहिलं. पण आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. माणूस खांदा म्हणाला की खांदा. पैशाचा 'प' काढायचा नाही. सगळ्यांनी खांद्याची चौकशी केली. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत खांदा घेतला. दोन बायांनी लोकरीचे पट्टे विणले, आणि एमरिसनं ते भर उन्हाळ्यात आळीपाळीनं घातलेही.

नुसती काडतुसं द्यावीत तर तेही केलं. त्याच्या पिशवीत एक पेटी 'चुकून' राहू दिली. दुसऱ्या दिवशी दारात लीकच्या कांद्यांचं पोतं. परसातली सबंध ओळच उपटून आणली होती त्यानं. आम्ही आठवडाभर लीकचं सूप पीत होतो आणि तो, मला खात्री आहे, नुसता पाव खात होता. त्याला काही देणं म्हणजे त्यालाच लुटणं.

शेवटी मंडळाची सभा भरली आणि काडतुसं शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सभेत 'स्वस्त' हा शब्द कुणीही उच्चारला नाही. अध्यक्ष घसा खाकरून मला म्हणाले, 'प्रॉबर्ट, एमरिसच्या खांद्याला परवडतील अशी बघा.' सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी डेसमंडच्या बंदुका-बुटांच्या दुकानात गेलो. तिथे आपल्या गावची दोन माणसं बूट बघत उभी. आता त्यांच्यादेखत एमरिसच्या खिशाची गोष्ट कशी काढणार? ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आपल्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही, तेव्हा मी म्हणालो, 'एका मित्राचा खांदा दुखतो, त्याला चालतील अशी दाखवा.' डेसमंडचा चेहरा खुलला. 'खांदा ना? मग आलात ते योग्य ठिकाणी!' म्हणून त्यानं अशी काडतुसं काढली की त्यात शिसं कमी, दारू कमी, धक्का कमी, आणि किंमत नेहमीच्यापेक्षा जास्त. मी विचारलं, जरा साधी नाहीत का? तो म्हणाला, 'साधी दिली तर खांदा जाईल हो. मित्र आहे ना तुमचा?' बूट बघणारे दोघं माझ्याकडे बघू लागले. मी ती पेटी घेतली. मग खांद्यावर शिवायची रबराची गादी घेतली. मग घोड्यांच्या सांध्याला चोळायचं तेल घेतलं, जे डेसमंडच्या सासऱ्याला लागू पडलं होतं म्हणे. काटकसर करायला गेलो होतो. (गादी मीच वापरतो. तेल लावल्यापासून ओलवेननं माझं अंथरूण पाहुण्यांच्या खोलीत हलवलं आहे.)

पण मी हार मानणारा नाही. वेल्सच्या हद्दीपलीकडे एक दुकान कायमचं बंद होत होतं, तिथे काडतुसं जवळजवळ फुकाच्या भावात चालली होती. मी गाडी इतकी भरली की परत येताना रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याशी तिची व्यक्तिशः ओळख झाली. एमरिसला सांगितलं, ही खास मऊ काडतुसं, मंडळाला याच दरात मिळतात. त्यानं एक उचललं, कानाशी नेऊन हलवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'आज जरा बरा वाटतोय खांदा.' दादा, त्या रविवारी त्याचं 'पुल!' ऐकून खोपटातल्या कपबशा वाजल्या. एकही तबकडी सुटली नाही त्याच्या हातून. माझ्या नेमाबद्दल तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मला इतकं बरं वाटलं की मी वर दुसरा पाव खाल्ला.

आता तुला आठवत असेल, काडतुसाच्या पोटात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये एक बूच असतं, आणि बार उडाला की तेही उडून शेतात पडतं. मिसेस पॉवेलच्या उतारावर कागदाच्या लगद्याचंच बूच चालतं, कारण ते दोन पावसांत विरघळतं. प्लास्टिकचं विरघळत नाही. हा नियम खोपटाच्या दारावर ठळक अक्षरांत लावलेला आहे, आणि ती अक्षरं कोणी रंगवली हे सांगण्याची इथे गरज नाही. मी पेटीवरची किंमत वाचली, पेटीवरचं बाकीचं वाचलं नाही.

मंगळवारी मिसेस पॉवेल बादली घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि ती टेबलावर, माझ्या अंड्याशेजारी, ठेवली. आत पांढरी पाकळ्या पाकळ्यांची बुचं.

'क्लेमेंट, हे काय आहे?'

'फुलं असावीत,' मी म्हणालो.

'माझी मेंढी चघळत होती. तिलाही तसंच वाटलं असणार.'

पुढचे दोन दिवस अख्खं मंडळ त्या उतारावर रांगत होतं. बाईंनी बजावलं होतं, एक जरी बूच उरलं तर यापुढे रविवारी इथे फक्त मेंढ्या दिसतील. वर कुंपणाला टेकून त्या उभ्या, 'अध्यक्षमहाराज, तुमच्या गुडघ्याखाली एक आहे,' असं अधूनमधून सांगत. सगळ्यात जास्त बुचं एमरिसनं वेचली. त्याला कुणी काही बोललं नव्हतं, पण तो समजायचं ते समजला. बादली रिकामी करून म्हणाला, 'माझ्यापायी मंडळाचं शेत गेलं असतं, राव. आता दोन्ही खांदे दुखतात.' आणि गेला. त्यानंतर तो चहालाही येत नाही. त्याच्या धुराड्यातून धूर निघतो की नाही हे मी रोज बघतो, दुसरं काय करणार? उरलेली काडतुसं, प्लास्टिक चालतं अशा दूरच्या एका मंडळाला, तोंड पाडून देऊन टाकली.

बसल्या बसल्या एकच आठवत राहतं. मंडळातल्या म्हाताऱ्या आयव्हरला डॉक्टरनं बंदूक सोडायला लावली, तेव्हा त्याची शिल्लक काडतुसं त्यानं सोबत्यांना वाटली होती. एमरिसनंही टोपी काढून आपला वाटा घेतला होता. त्या बदल्यात लीक नाही, काही नाही. आजारी नेमबाजाची काडतुसं नाकारणं म्हणजे त्याचा अपमान, असा आपला जुना शिरस्ता. पण सध्या मंडळात सगळेच कसे ठणठणीत आहेत. मी गेल्या रविवारी एकेकाकडे आशेनं बघितलं.

असो. पत्र फार लांबलं. ओलवेनचा तुम्हा दोघांना नमस्कार, कुत्र्याला दुरून.

तुझा धाकटा भाऊ,
क्लेमेंट

ता. क. एक सांगायचं राहिलं. तू सोमवारपासून आजारी आहेस. छातीचं काहीतरी आहे. मी तपशिलात शिरलो नाही, तुला सोयीचं पडेल ते घे. डॉक्टरनं बंदूक कायमची बंद केली आहे, आणि तुझ्या माळ्यावर कोऱ्या पेट्यांची चळत होती ती तू एमरिसला द्यायला सांगितलीस, कारण तुला बंदूक धरायला त्यानंच शिकवलं. (पेट्या मी डेसमंडकडून पुऱ्या भावानं आणल्या. लगद्याचं बूच आहे, या वेळी चष्मा लावून वाचलं. ओलवेन काही म्हणाली तर छपरावरच्या कौलांचं काम पुढच्या वर्षावर गेलं आहे, त्याचे पैसे कुठे गेले ते तुला ठाऊक नाही.) तुला कसलीच तोशीस नाही. कुणी विचारलंच तर आजारी आहेस, एवढंच लक्षात ठेव.

ता. क. २. योजना फारच नामी साधली. एमरिसनं टोपी काढली, पेट्या घेतल्या, आणि काल उतारावर आला. कपबशा वाजल्या. पण तो म्हणतो, ज्या माणसानं एवढं दिलं त्याला भेटायला जायलाच हवं. गुरुवारी बसनं तो तुझ्याकडे पोचतो. हे पत्र बुधवारी मिळावं. दाढी करू नकोस. कुत्र्याला घेऊन वाळूत धावायला जातोस तेही तूर्त थांबव. वहिनींना वेळेवर डोळे पुसता येत असतील तर उत्तम, नाहीतर त्यांना स्वयंपाकघरातच असू दे.

ता. क. ३. हे आत्ताच कळलं म्हणून पाकिटाच्या पाठीवर लिहितो. एमरिस सकाळी डेसमंडकडे जाऊन आला आणि दुकानातली सगळ्यात महागडी पेटी घेऊन आला. स्वतःच्या पैशानं. तुझ्यासाठी. मी म्हटलं, अरे, त्याला डॉक्टरनं बंद केलंय, त्याला कशाला? तर म्हणाला, 'असू दे रे. सगळी काडतुसं वाटून टाकली की माणूस उठायचंच विसरतो. एनिड गेली तेव्हा माझ्या पिशवीत एक पेटी शिल्लक होती, म्हणून मी त्या रविवारी घराबाहेर पडलो.' दादा, ती पेटी मुकाट्यानं घे, आणि त्याच्यादेखत थोडा बरा हो.