चुलीवर ठेवलेली पेटी

गुरुजी, हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही हे मला कळतं. चौथीच शिकले, पण वेडी नाही. तुम्हाला जाऊन माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य झालं. तरी लिहिते, कारण काल शाळेच्या नव्या बाईंनी मला एक गोष्ट विचारली आणि मी खोटं बोलले.

त्या वर्षी शाळेचं छप्पर इतकं गळत होतं की आम्ही पाट्या डोक्यावर धरून पाढे म्हणायचो. तुमची खोलीही तशीच. सुरांची पेटी सरकारी, आसपासच्या गावांत एकच; ती ऐकायला जंगलातल्या वस्त्यांवरची पोरंसुद्धा चिखल तुडवत शाळेत यायची. आमचं घर कौलारू, म्हणून पावसाळ्यापुरती तुम्ही ती माझ्याकडे दिली. म्हणालात, "कोरड्या जागी ठेव." आमच्या घरात सगळ्यांत कोरडी जागा कोणती? चुलीच्या वरचा बांबूचा माळा. बियाण्याची मक्याची कणसं आम्ही तिथंच ठेवतो, धुरानं ओल धरत नाही आणि कीडही लागत नाही. आई म्हणाली, "बियाणं टिकते तं पेटी काऊन नाई टिकनार?" दोघींनी मिळून वर चढवली. पोळ्यापर्यंत तिच्याखाली रोज दोन वेळा भात शिजला.

पाऊस ओसरतो. तुम्ही भाता ओढता, मग पेटीला नाक लावता आणि माझ्याकडे बघता. मधली एक पांढरी पट्टी मुकी झाली आहे. प्रार्थनेत ती जागा आली की पेटी गप्प, म्हणून आम्हीही गप्प. "अबे, इथी सूर हाय!" तुम्ही ओरडता, तोंडानं म्हणून दाखवता. पण आम्ही पेटीचं ऐकायचो, तुमचं नाही. शेवटी तुम्हीच थकलात.

मग तपासणीचे साहेब आले, चामोर्शीहून सायकलवर, घामाघूम. प्रार्थना ऐकून म्हणाले, "मधेच काय होतं रे? सगळ्यांना एकदम उचकी लागते?" पोरं हसली. साहेबांनी स्वतः पट्टी दाबून पाहिली आणि त्यांचं हसू गेलं. "पावसाळ्यात कोणाच्या ताब्यात होती ही?" मी दुसऱ्या रांगेत, दोन्ही हात मांडीखाली दाबून. बाप आधीच म्हणायचा, "पोरीच्या जातीले गानं काय करायचं हाय?" माझं नाव निघालं असतं तर त्यानं त्याच दिवशी मला शाळेतून काढून धानाच्या बांधीत उभं केलं असतं. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, "माझ्याच जी. नजरचूक झाली."

महिनाभरात शिक्षा म्हणून तुमची दूर भामरागडकडे बदली झाली. निघताना बैलगाडीत पाय टाकता टाकता मला म्हणालात, "बाई, कोरडं म्हंजे चूल नाई." एवढंच. पुढच्या पावसात तिकडचे रस्ते बंद झाले, तुम्हाला ताप आला, औषध पोहोचलं नाही. बापानं जेवताना सांगितलं. मी आणखी भात वाढून घेतला, हे आठवतं. रडल्याचं आठवत नाही.

खरं सांगू, तुमचा रागच येतो. कोणी सांगितलं होतं मधे पडायला? चौथीनंतर मी बांधीतच गेले ना! तुमच्या खोट्यानं शाळेची दोन वर्षं मिळाली, तेवढीच. त्या दोन वर्षांच्या बळावर हे लिहिते आहे म्हणा.

पेटी केव्हाच गेली. मास्तर किती आले, किती गेले. पण प्रार्थना मोठी पोरंच लहान पोरांना शिकवतात, म्हणून ती तशीच चालू आहे. माझं घर शाळेला लागून. रोज सकाळी पोरं त्या जागी येतात, सगळी एकदम थांबतात आणि पुढं जातात. माझी नातही थांबते. काल नव्या बाई अंगणात आल्या. "आजी, तुम्ही इथल्या जुन्या. मुलं तिथं गप्प का होतात?"

मी सुपात तांदूळ पाखडत होते. म्हटलं, "आमच्या गावची रीत हाय ते."

तो सूर मला येतो, गुरुजी. तुम्ही तोंडानं म्हणून दाखवला होता तसाच्या तसा. बाईंना मी तो दिला नाही.