टोचल्यानंतरचा अर्धा तास

४ मार्च

चि. डॉक्टरसाहेबांस,

अ. उ. आ. आशीर्वाद सवयीने लिहिला आहे, मनातून आलेला नाही, हे आधीच सांगते.

एरवी तुला सोन्या म्हणते. आज ते तोंडातून निघत नाही. फोन सोडून ताईने पत्र का लिहिलं, असं वाटेल तुला. फोनवर तू मला मध्येच तोडतोस. पत्र तोडता येत नाही. फार तर फाडता येईल, पण तेवढी हिंमत तुझ्यात नाही.

माझी गाय, आगाऊ, गेली हे तुला ठाऊक आहे. कशी गेली ते तू ऐकून घेतलं नाहीस, म्हणून आता वाच. तुझा कंपाउंडर बर्फाची पेटी घेऊन गोठ्यात आला. आगाऊचा स्वभाव तुला माहीत आहे. चारा असो, पाणी असो की सुई, बाईंना सगळ्यांच्या आधी हवं. पोरीला, लाजरीला, ढुशी मारून मागे सारलं आणि मान पुढे काढून उभी राहिली. कंपाउंडर म्हणाला की बाटलीत एकच डोस उरलाय, लाजरी आणि म्हातारी गाय अशा दोघींसाठी नवी बाटली फोडली तर उरलेली लस वाया जाईल, त्यांचं पुढच्या फेरीत बघू. आगाऊला टोचलं आणि पेटी उचलून निघालासुद्धा. मी विचारलं की टोचल्यावर अर्धा तास थांबायचं असतं ना, माझ्या भावानेच मला हे शिकवलंय. तर तो हसला. म्हणाला, हे तर डॉक्टरांच्या बहिणीचं घर, इथे काय थांबायचं!

म्हणजे तुझी बहीण आहे म्हणून माझ्या गायीचा अर्धा तास कापला.

तो गल्लीच्या टोकालाही पोचला नसेल, तोवर तिच्या पापण्या सुजून डोळे मिटले. अंगभर गांधी उठल्या. जीभ बाहेर, तोंडाला फेस, श्वास भात्यासारखा. तुला फोन केला तर तू मीटिंगमध्ये. सूज थोडी येतेच, गार पाणी मार, असं कुजबुजून फोन ठेवलास. मी पाणी मारत राहिले. पोटात सात महिन्यांचं वासरू घेऊन ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली ती उठलीच नाही. मी बादल्या ओततच होते, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं.

संध्याकाळी तुझा फोन, तोही चुना टाकून खोल पुरा एवढंच सांगायला. यांनी एकट्याने खड्डा खणला. तसे ते कधीच फारसं बोलत नाहीत, त्या दिवशी तर जेवायलाही घरात आले नाहीत.

लोभ असावा असं आज लिहवत नाही. असेल तो तुझ्याकडेच राहू दे.

ताई

•

९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि लहानपणी पाठीत बसायचा तो तुझा हात आठवला. अजून तेवढाच जड आहे. मार मला, पण माझंही जरा ऐक.

हजारो जनावरांना टोचावं तेव्हा एखाद्याला असं होतं. संकरित गाय, त्यात भरपूर दुधाची, त्यात गाभण. अशी जनावरं नाजूकच असतात. यात कोणाचा दोष म्हणून बोट दाखवता येत नाही. कंपाउंडरला मी चांगला फैलावर घेतला आहे. सरकारी फार्मवरची एक चांगली कालवड तुझ्यासाठी सांगून ठेवली आहे. आगाऊइतकी आगाऊ निघेल याची हमी मात्र देत नाही.

आता कामाचं. ओढ्यापलीकडच्या गावात लाळ्या-खुरकूत आली आहे. जनावरांच्या तोंडात फोड, खुरांत जखमा, दूध आटलेलं. खुद्द डॉक्टरच्या बहिणीची गाय लसीने गेली असं एकदा पसरलं, की पेटी दिसताच लोक जनावरं रानात हाकलतील आणि मग अख्खं गाव बसेल. म्हणून कोणी विचारलंच तर काहीतरी वेडंवाकडं खाल्लं असेल असं सांग. घरातलं घरात राहू दे.

भाऊजींना नमस्कार. माझ्या वाटचा लोभ मी मागून घेणार आहेच, तू दिलास तरी आणि नाही दिलास तरी.

तुझा,
सोन्या

•

२० मार्च

डॉक्टर,

आज आशीर्वादही नाही.

घरातलं घरात राहिलं. तुझ्या शब्दाबाहेर ही बहीण गेली नाही. गल्लीत ज्याने विचारलं त्याला सांगितलं की आगाऊने कसला तरी विषारी पाला खाल्ला. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी जाऊबाई माहेराहून परतली ती धावतच आली, माझ्याजवळ बसून रडली, तिलाही हेच सांगितलं. ती बिचारी घरी जाऊन आपल्या गोठ्यामागचं सगळं रान उपटत बसली. तिच्या गायीने तो पाला खाऊ नये म्हणून!

काल तिच्या गोठ्यात लस टोचली. पहिलटकरीण गाय, वासरू अजून पुरतं पितं. कंपाउंडर इथेही थांबला नाही. गल्ली संपवायची होती म्हणे. जाऊबाई थांबली नाही, कारण थांबावं लागतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दावं बांधलं आणि दळण आणायला गेली. परत आली तर गाय आडवी, पापण्या सुजलेल्या, आणि वासरू मेलेल्या आईच्या सडांना तोंड लावून उभं.

मी तोंड उघडलं असतं तर ती तिथे उभी राहिली असती. आरडाओरडा केला असता, कंपाउंडरला गल्लीतून ओढून आणला असता. तुझ्या घरातलं घरात राहिलं आणि तिच्या घरातलं गेलं.

मी आज सकाळी तुझ्या दवाखान्यात गेले होते. तू फेरीवर होतास. कारकुनाला विचारलं की या फेरीत लसीने किती जनावरं दगावली. तो म्हणाला, एकही नाही. माझी आगाऊ तुझ्या ऑफिसात मेलेलीच नाही! आणि मेलीच नाही म्हटल्यावर ती लस थांबवणार कोण? तेच खोकं पुढे आमच्या गल्लीत आलं.

आणि ते नाजूक वगैरे मला सांगू नकोस. संकरित गायी घे म्हणून माझ्या मागे कोण लागलं होतं? दूध द्यायला धडधाकट आणि मरायची वेळ आली की नाजूक? नाजूक होती तर तिच्याजवळ थांबायला नको होतं का?

म्हातारीचं दूध कालपासून किटलीत घालून जाऊबाईच्या वासराला नेते. ती माझे आभार मानते. मला तोंड लपवायला जागा उरलेली नाही.

पत्र इथेच संपवते. शेवटी काय लिहायचं असतं ते मला ठाऊक आहे, लिहीत नाही.

ताई

•

२५ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

झालं काय ते तेवढं सांगतो.

नात्यातल्यांच्या जनावराचा मृत्यू डॉक्टरने स्वतः नोंदवायचा नसतो, शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला बोलवायचं असतं. त्याचं माझं पटत नाही, हे तुला माहीत आहे. याच्या बहिणीच्याच गोठ्यात असं कसं झालं, म्हणून तो दात काढेल असं वाटलं. आज बोलावू, उद्या बोलावू करत राहिलो. परक्या कुणाची गाय असती तर त्याच दिवशी नोंद झाली असती. तुझी होती म्हणून राहिली.

आणखी एक, जे तू विचारलं नाहीस. रिअॅक्शन आली तर द्यायचं तातडीचं इंजेक्शन कंपाउंडरच्या पेटीत नव्हतं. ते माझ्या गाडीत होतं आणि गाडी मीटिंगबाहेर उभी होती. तो थांबला असता तरी हात चोळतच थांबला असता. त्याला फैलावर घेतला असं तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं, तेव्हा हे मला माहीत होतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी त्या डॉक्टरला बोलावलं. दात नाही काढले त्याने. जाऊबाईंची पुरलेली गाय त्याने बाहेर काढून, उघडून पाहिली आणि आगाऊबद्दल तुझ्या पत्रात होतं ते सगळं लिहून घेतलं. साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले की फेरी संपत आलीय, चांगलं चाललेलं कशाला बिघडवता, संकरित गायी अशाच असतात. माझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं आणि डोकं फिरलं. नोकरीत पहिल्यांदा साहेबांवर आवाज चढवला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. शेवटी ती बॅच कुलपात गेली. नमुने तपासायला पाठवले आहेत. दोष लसीत होता, ती थंड ठेवण्यात होता की काही गायींना ती सोसतच नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही.

पण ओढ्यापलीकडे चार वासरं गेली, ताई, आणि ती लसीने नाही, लाळ्या-खुरकुतीने. नवी बॅच आली आहे. माझ्यावर रागव, आयुष्यभर रागव, पण लाजरीला आणि म्हातारीला टोचून घे. तू दार लावलंस तर तुझी अख्खी गल्ली लावेल.

लोभाची विनंती करण्याचा हक्क या पत्रापुरता सोडतो.

सोन्या

•

२९ मार्च

डॉक्टरांस,

आशीर्वाद. तुझ्यासाठी नाही, ज्या शिपायाने तुझा आवाज ऐकला त्याच्यासाठी.

इंजेक्शनचं वाचलं आणि हातातलं पत्र भिरकावलं. यांनी उचलून वाचलं. वाचून म्हणाले की भावाला बोलाव. महिन्याभरात हे त्यांचं सर्वात मोठं भाषण. म्हणून बोलावते आहे.

लाजरीला टोचीन. पण गोठ्यात नाही, गल्लीत, सगळ्यांसमोर. कंपाउंडर नको, तू स्वतः ये. ते इंजेक्शन गाडीत नाही, हातात हवं, भरलेलं. टोचून झालं की बाहेरच्या बाकावर बसायचं. त्या दिवशी भाऊ म्हणून यायचं नाही. घरात बोलावणार नाही, चहा मिळणार नाही. अर्धा तास झाला की पुढचं दार, तिथेही अर्धा तास. दिवस मावळला तर दुसऱ्या दिवशी ये.

तू येण्याआधी मी जाऊबाईला खरं सांगणार आहे, मग गल्लीला. लस घ्या हेही सांगेन आणि आगाऊ कशाने गेली हेही. लोकांना दोन गोष्टी एकदम कळत नाहीत असं तुम्हा शिकलेल्यांना का वाटतं देव जाणे.

लोभाचं त्या दिवसानंतर बघू.

ताई

•

१२ एप्रिल

चि. सोन्यास,

अ. उ. आ.

जाऊबाईला खरं सांगितलं. ती पदर सावरून आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर रोज किटली तिच्या उंबऱ्यावर ठेवायचे. दूध वासराला मिळायचं, किटली पालथी घातलेली सापडायची. माणूस दिसायचं नाही.

तू आलास त्या दिवशी मी तुझ्याशी बोलले नाही, पण खिडकीतून सगळं पाहिलं. तू घड्याळाकडे बघत नव्हतास, लाजरीकडे बघत होतास. तिने नुसतं डोकं झटकलं तरी अर्धा उठायचास. उन्हात कपाळावरून घाम निथळत होता. पाणी पाठवावंसं वाटलं. नाही पाठवलं. राग अजून संपला नव्हता, अजूनही नाही, उगाच खूश होऊ नकोस. लाजरीला टोचल्या जागी सुपारीएवढी गाठ आली होती, ती विरली. म्हातारीला तर काही झाल्याचं कळलंच नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी टोचायची उरलेली जनावरं बाहेर काढली. जाऊबाईने दार किलकिलं करून तू किती वेळ बसतोस ते पाहिलं, आणि शेवटी ते वासरू बाहेर आणून बांधलं, हे तू पाहिलंसच.

जे तू पाहिलं नाहीस ते सांगते. काल सकाळी ती माझ्या दारात आली. आत आली नाही. अंगणात उभी राहून तिने मला जे सुनावलं ते तसंच्या तसं कागदावर येणार नाही. मी तिचं रान उपटणं लांबून पाहत राहिले होते, तिचे आभार घेत राहिले होते, तिच्या वासरापुढे रोज किटली घेऊन मिरवत होते, भावाच्या नोकरीसाठी तिची गाय घालवली होती. सगळं. शेजारपाजारचे दारांत आले. मला एकदा वाटलं की आत जावं. एकदा वाटलं की सांगावं, सोन्यानेच गप्प राहायला सांगितलं होतं. मग तुला त्या बाकावर बसलेलं आठवलं, आणि नाही गेले, नाही सांगितलं. आपणच टोचलं तर काय होतं ते बघायला आपणच थांबायचं असतं. तिचा आवाज बसेपर्यंत मी उंबऱ्यावर उभी राहिले.

शेवटी ती दमली. पदराने तोंड पुसलं आणि निघाली. फाटकापाशी वळून म्हणाली, वासरू पहाटे उठून हंबरतं, उद्यापासून दूध लवकर आणत जा.

आज पहाटेच गेले. तिचं दार उघडं होतं.

तुझ्या तपासणीचं काय ते आलं की कळव, जे असेल ते, आणि आधी गल्लीला कळव, मग मला. राग आहे आणि लोभही आहे. दोन्ही ठेवून घ्यावेत, ही विनंती.

तुझी,
ताई